पुसा सावनी, परभणी क्रांती आणि ‘रान’ नसलेली रानभेंडी

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: या विषयात आधी काय काम झालंय? आपण बहुतेक जण त्याचं उत्तर यादीसारखं देतो. अमक्या साली अमक्यांनी हे केलं, तमक्या साली तमक्यांनी ते. यादी चुकीची नसते. पण त्यातून समितीला एवढंच कळतं की उमेदवाराने गोषवारे वाचलेत. जुन्या कामातला एखादा शब्द तेव्हा कोणत्या अर्थाने वापरला होता, आणि आज आपण तो कोणत्या अर्थाने वाचतोय, हे सांगता आलं तर मुलाखतीचा रंगच बदलतो.

म्हणून आज एकच भाजी आणि एकच रोग घेऊ. भाजी भेंडी, रोग हळद्या. पिकांच्या रानटी नातेवाइकांमधून रोगप्रतिकारशक्ती आणायची, हा विषय पाठ्यपुस्तकात भाताच्या ओरायझा निवारावरून किंवा बटाट्याच्या सोलॅनम डेमिसमवरून शिकवला जातो. ती उदाहरणं छान आहेत, पण फार स्वच्छ आहेत. भेंडीची गोष्ट तशी नाही. ती पुण्यात सुरू होते, दिल्लीला जाते, आमच्या जालन्यात थांबून परभणीला पोचते आणि मध्येच पश्चिम आफ्रिकेत निघते. आणि तिच्यात दोन शब्द सारखे निसटत राहतात: ‘प्रतिकारक’ आणि ‘रान’.

रोग आधी ओळखून घेऊ. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, पानावर पिवळी जाळी दिसते, मग हिरवा भाग कमी होत होत अख्खं पान हळदीसारखं होतं. फळं फिकट, आखूड आणि निबर येतात, बाजारात ती कुणी घेत नाही. झाड लहान असताना रोग आला तर त्या झाडाचा हिशोब संपलाच. काही भागात याला केवडाही म्हणतात. विषाणू पसरवते ती पांढरी माशी, बेमिसिया टॅबॅसी.

या रोगाची भारतातली पहिली नोंद १९२४ सालची, मुंबई इलाख्यातली, कुलकर्णी यांची. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे इलाख्याच्या नोंदीत आपला भाग येत नाही. ‘पहिली नोंद’ म्हणजे रोगाचा जन्म नव्हे, रोग आणि नोंदवही पहिल्यांदा एका जागी आले ती तारीख, हे इथेच लिहून ठेवा. पुढे १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये छोटी टिपण प्रसिद्ध केली, हा रोग विषाणूमुळे होतो हे दाखवलं आणि त्याला नाव दिलं. नावात त्यांनी इंग्रजी ‘ओक्रा’ घेतलं नाही, ‘भेंडी’ घेतलं. आजही जगभरच्या विषाणूशास्त्रात हा ‘भेंडी यलो व्हेन मोझॅक व्हायरस’ आहे. टेक्सासमधला संशोधकसुद्धा तो टाइप करताना आपला मराठी शब्द टाइप करतो. (हे मला दर वेळी उगाचच आवडतं.) १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांनी सविस्तर लेख लिहिला आणि १९५२ मध्ये वर्मांनी विषाणू आणि पांढरी माशी यांच्या नात्यावर काम केलं.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. या जुन्या लेखांत भेंडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस एस्क्युलेंटस आहे. आज आपण अ‍ॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस म्हणतो. नव्या नावाने शोधलंत तर १९५० चा लेख सापडणारच नाही. संदर्भ शोधताना पिकाची सगळी जुनी नावं आधी कागदावर लिहा.

आता दिल्ली. भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसाला, हरभजन सिंग नावाचे शास्त्रज्ञ होते. देशभर फिरून वाण गोळा करणारा माणूस. पाल आणि स्वरूप यांच्यासोबत १९५२ मध्ये त्यांनी भेंडीच्या रानटी नातेवाइकांवर एक महत्त्वाचा लेख लिहिला, त्यात अ‍ॅबेलमॉस्कस ट्युबरक्युलेटस ही नवी जाती वर्णन केली. म्हणजे रानटी नातेवाईक त्यांच्या टेबलावर होते. तरीही हळद्यावरचा पहिला मोठा इलाज रानातून आला नाही. तो लागवडीच्या भेंडीतूनच आला. पश्चिम बंगालमधून गोळा केलेला आय.सी. १५४२ हा नमुना आणि पुसा मखमली हा दिसायला देखणा पण रोगाला लगेच बळी पडणारा वाण, यांच्या संकरातून पुसा सावनी तयार झाला. नावातला सावन म्हणजे आपला श्रावण. रोग सगळ्यात जास्त मारतो त्या पावसाळी हंगामासाठी हा वाण.

हरभजन सिंग आणि सहकाऱ्यांचा १९६२ चा लेख वाचताना शीर्षकातच थांबा. तिथे नुसतं ‘प्रतिकारशक्ती’ म्हटलेलं नाही, ‘शेतातली प्रतिकारशक्ती’ म्हटलंय. आय.सी. १५४२ हा लक्षणं न दाखवणारा वाहक होता. म्हणजे विषाणू झाडात शिरतो, राहतो, पण झाड पिवळं पडत नाही. आजच्या भाषेत आपण याला सहनशीलता म्हणू. लेखकांनी हा फरक लपवलेला नाही. पण शीर्षकातून जाहिरातीत, जाहिरातीतून बियाण्याच्या पाकिटावर आणि तिथून शेतकऱ्याच्या बोलण्यात जाता जाता ‘शेतातली’ हा शब्द गळाला आणि ‘प्रतिकारक’ तेवढा उरला. याच लेखात हा गुण दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून असल्याचं म्हटलंय. हे दोन अप्रभावी जनुक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

इथे जालना येतं. १९६० च्या सुमारास बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात बियाण्याचं काम सुरू केलं ते याच पुसा सावनीपासून. १९६४ मध्ये त्यांनी महिको, म्हणजे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, स्थापन केली. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस आले, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना म्हणजे बियाणं हे समीकरण पक्कं झालं. स्टीलचे कारखाने आणि मोसंबीही जालन्याची आहेत, पण बाहेरगावचा शेतकरी जालना ओळखतो तो बियाण्यामुळे. एका रोगाला तोंड देणाऱ्या भाजीपासून एका गावाचा धंदा उभा राहिला, हा इतिहास वनस्पती रोगशास्त्राच्या पुस्तकात येत नाही आणि उद्योगाच्या इतिहासात त्यातलं जनुकशास्त्र येत नाही. दोन्ही एकत्र वाचले की एक वेगळा प्रश्न उभा राहतो.

भेंडी मुख्यतः स्वपरागीत आहे, पण पूर्ण नाही. फूल मोठं, पिवळं, मधमाश्यांना आवडणारं. थोडंफार परपरागीभवन शेतात होतच राहतं. आता विचार करा. पुसा सावनीच्या शेजारच्या बांधापलीकडे गावठी भेंडी आहे, रोगाला बळी पडणारी. माशीने तिकडचे परागकण इकडे आणले. तयार झालेल्या बीमध्ये त्या दोन जनुकांची प्रत्येकी एकच चांगली प्रत आली, आणि गुण अप्रभावी असल्यामुळे एक प्रत काहीच कामाची नाही. ते झाड पिवळं पडणार. म्हणजे अप्रभावी गुणाचा वाण टिकवायचा तर बियाण्याची शुद्धता जपावीच लागते, अंतर राखावं लागतं, वेगळी झाडं उपटावी लागतात. चांगल्या बीजोत्पादकाची गरज त्या जनुकशास्त्रातच दडलेली होती. हा माझा तर्क आहे, पण १९६२ चा लेख वाचल्यावर तो टाळता येत नाही.

तरीही पुसा सावनी पडला. १९७० च्या दशकात तो जागोजागी पिवळा पडू लागला. का पडला? बियाण्यात भेसळ झाली हे एक उत्तर. विषाणूचे नवे प्रकार आले हे दुसरं. पांढरी माशी वाढली आणि रोगाचा दाबच एवढा वाढला की सहनशीलता पुरी पडेना, हे तिसरं. परीक्षेत आपण ‘प्रतिकारशक्ती मोडली’ एवढं लिहून पुढे जातो, पण या तीन कारणांचे इलाज तीन वेगळे आहेत. भेसळ असेल तर बियाणं सुधारा, विषाणू बदलला असेल तर नवं जनुक शोधा, दाब वाढला असेल तर पेरणीची वेळ आणि माशी यांच्याकडे बघा. माझ्या मते तिन्ही कारणं एकत्र होती. पण संशोधनाचा पैसा आणि नाव मुख्यतः दुसऱ्या इलाजाला मिळालं.

आणि तो दुसरा इलाज परभणीत झाला. मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झालं होतं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट आणि त्याच्या एका उपजातीशी केला. त्यांचा लेख १९८१ मध्ये ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. योगायोग बघा, त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका जालन्यात आला. विद्यापीठाला दहा वर्षंही झाली नव्हती. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी हा लेख एकदा तरी मूळातून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

त्या लेखात पुसा सावनीचं वर्णन ‘रोगाला बळी पडणारा’ असं आहे. १९६२ मध्ये प्रतिकारक, १९८१ मध्ये बळी पडणारा. वाण तोच, नाव तेच, मध्ये १९ वर्षं.

काम कसं होतं ते नीट समजून घ्या. दोन वेगळ्या जातींचा संकर म्हणजे वेगळ्या गुणसूत्रसंख्यांचा संसार. भेंडीत बहुधा १३० गुणसूत्रं आढळतात, मॅनिहॉटमध्ये ६६ च्या आसपास. संकरित झाड उगवतं, पण परागकण बनताना गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत, त्यामुळे बी कमी धरतं. परभणीचे संकर रोगापासून मुक्त राहिले आणि अर्धवट का होईना फलनक्षम होते. ही फट पुरेशी होती. मग दुसरी पिढी, पुसा सावनीशी परत संकर, पुढच्या पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत किती झाडं पिवळी आणि किती हिरवी याची मोजणी. त्या प्रमाणावरून त्यांनी निष्कर्ष काढला की दोन्ही नातेवाइकांमध्ये प्रतिकारशक्ती प्रत्येकी एकाच प्रभावी जनुकाने ठरते. आधीचे दोन अप्रभावी आठवतायत ना? आता चित्र उलटं झालं. प्रभावी जनुक असेल तर एक प्रतसुद्धा पुरते, परपरागीभवन झालं तरी पहिल्या पिढीत गुण दिसतो, आणि संकरित बियाणं बनवताना एकाच पालकात असला तरी चालतो. पुढच्या काळात हायब्रिड भेंडीचा जो पसारा वाढला त्याला असा गुण किती सोयीचा, हे जालना ते देऊळगाव राजा पट्ट्यातल्या बीजोत्पादकांना वेगळं सांगायला नको. तिथे आदल्या संध्याकाळी बायका कळीतले पुंकेसर काढतात आणि सकाळी हाताने परागकण लावतात, कारण भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं.

परत संकर करत, निवड करत आठव्या पिढीपर्यंत नेऊन जो वाण स्थिर झाला तो परभणी क्रांती, १९८५. सरळ वाण, हायब्रिड नाही, म्हणजे शेतकऱ्याला बी घरी धरता येतं. मराठवाड्याच्या विद्यापीठाचं नाव देशभरच्या भाजीवाल्यांच्या तोंडी गेलं ते यामुळे. त्याच सुमारास बेंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेने टेट्राफिलस या नातेवाइकापासून अर्का अनामिका आणि अर्का अभय काढले, पंजाबात पंजाब-७ आला. काही वर्षांत तीन ठिकाणी तीच वाट.

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ, ‘रान’. या सगळ्या लेखांत मॅनिहॉटला रानटी जाती म्हटलंय. पण पंजाबच्या कामात प्रतिकारशक्तीचा जो स्रोत मॅनिहॉट म्हणून नोंदला गेला तो घानाहून आलेला होता, आणि त्याचं नाव होतं असुंतेम कोको. रानटी झाडाला असं नाव कोण देतं? पश्चिम आफ्रिकेत भेंडीचे दोन प्रकार शेतात आणि परसात लावले जातात. एक आपला, दुसरा उंच, उशिरा फुलणारा, जाड फळांचा. या दुसऱ्या प्रकाराला १९४० मध्ये ऑगस्त शेवालिए यांनी मॅनिहॉटचाच एक प्रकार म्हणून कायली हे नाव दिलं. स्वतंत्र जातीचा मान त्याला १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी मिळाला, अ‍ॅबेलमॉस्कस कायली म्हणून. तोपर्यंत आफ्रिकेहून आलेला असा नमुना जनुकपेढीत ‘मॅनिहॉट’ या चिठ्ठीखाली बसायचा.

१९८२ मध्ये सीमॉन्समा या डच संशोधकाने ‘युफायटिका’त दाखवलं की ही पश्चिम आफ्रिकी भेंडी बहुधा एस्क्युलेंटस आणि मॅनिहॉट यांच्या नैसर्गिक संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन बनली. तिची गुणसूत्रं १९० च्या आसपास. १३० आणि ६६ ची बेरीज करून बघा. आणि त्याच १९८२ मध्ये जांभळे आणि नेरकर यांचा दुसरा लेख आला, त्याच दोन जातींच्या संकरात गुणसूत्रं कृत्रिमरीत्या दुप्पट केल्याचा. घाना, आयव्हरी कोस्टच्या परसात निसर्गाने आणि बायामाणसांनी मिळून जे केलं होतं, तेच परभणीच्या प्रयोगशाळेत होत होतं. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

याचा अर्थ परभणीचं काम कमी ठरतं असं अजिबात नाही. मोजणी मोजणीच राहते, वाण वाणच राहतो. पण ‘रानटी नातेवाइकातून जनुक आणला’ या वाक्यात एक गृहीतक असतं, की ते जनुक कुणाचंच नव्हतं, जंगलात पडलं होतं. असुंतेम कोको कुणाचं तरी होतं. कुणीतरी ते पिढ्यान्‌पिढ्या पेरलं, निवडलं, खाल्लं. संशोधनाच्या श्रेयनामावलीत ‘स्रोत: घाना’ एवढंच येतं. जुन्या लेखात ‘वाइल्ड’ शब्द दिसला की नमुना क्रमांक बघा, कुठून आला ते बघा, आणि आजच्या वर्गीकरणात तो कुठे बसतो ते तपासा. हे केल्याशिवाय वाक्य जसंच्या तसं आपल्या प्रबंधात उतरवू नका.

बरं, मग परभणी क्रांतीचं काय झालं? १९९० नंतर त्यावरही हळद्या दिसू लागला. अर्का अनामिकाचंही तेच. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातून जोस आणि उषा यांचा लेख आला, त्याने कोड्याचा एक मोठा भाग सुटला. हा रोग एकट्या विषाणूमुळे होत नाही. विषाणूच्या सोबत डीएनएचा एक छोटा तुकडा फिरतो, बीटा सॅटेलाइट, आणि दोघं मिळून झाड पिवळं करतात. म्हणजे १९४० पासून आपण ज्याला ‘एक’ रोगकारक समजत होतो ती जोडगोळी होती. शिवाय या गटातले विषाणू आपसात तुकडे अदलाबदल करण्यात पटाईत. एका प्रभावी जनुकाचं कुलूप आणि समोर सतत बदलणारी किल्ली. अशा सामन्यात कुलूप किती वर्षं टिकेल, हा प्रश्न १९८५ मध्ये कुणी विचारला नाही म्हणून दोष देण्यात अर्थ नाही; बीटा सॅटेलाइट तेव्हा माहीतच नव्हता. आपण मात्र २००३ नंतर संशोधनात येतोय. आजही एखाद्या वाणाला नुसतं ‘प्रतिकारक’ लिहायचं आणि कोणत्या विषाणूप्रकाराविरुद्ध, कोणत्या हंगामात, कोणत्या ठिकाणी हे लिहायचं नाही, याला आता सबब उरलेली नाही.

खरोखरची रान नातेवाईक मंडळी आपल्याकडे आहेत का? आहेत. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात बांधावर, पिकाच्या कडेला पांढऱ्या फुलांची, मध्यभागी गडद ठिपका असलेली अ‍ॅबेलमॉस्कस फिकल्नियस उगवते. फूल छोटं, झाड काटेरी लवीचं, लोक तण म्हणून उपटतात. (कोकणात ‘भेंडी’ किंवा ‘रानभेंडी’ विचाराल तर लोक वेगळंच मोठं झाड दाखवतील, थेस्पेशिया. स्थानिक नावावर नमुना गोळा करू नका.) ए. बी. जोशी आणि एम. डब्ल्यू. हर्डस यांनी १९५६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की भेंडीतल्या गुणसूत्रांचा एक संच ट्युबरक्युलेटसशी जुळतो, दुसरा संच या फिकल्नियसकडून आला असावा असा अंदाज पुढे बराच काळ चर्चेत राहिला. म्हणजे बांधावरचं ते तण भेंडीचं आजोळ असण्याची शक्यता आहे, आणि आपण त्यावर तणनाशक मारतोय. सह्याद्रीच्या घाटात टेट्राफिलस आहे. २०१३ मध्ये तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांनी छत्तीसगडमधून अ‍ॅबेलमॉस्कस पॅलिअ‍ॅनस ही नवी जातीच वर्णन केली. एवढ्या परिचित भाजीचा एक नातेवाईक एकविसाव्या शतकापर्यंत बिननावाचा होता. ज्यांना विषय सापडत नाही म्हणून रात्री मेसेज येतात, त्यांनी इथे बघायला हरकत नाही. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे, जालन्याहून ते एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

आणि पुसा सावनी? तो संपलेला नाही. हळद्याच्या चाचणी प्लॉटमध्ये ठराविक ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची पेरतात जो नक्की पिवळा पडेल, म्हणजे पांढरी माशी तिथून विषाणू उचलून शेजारच्या नव्या नमुन्यांवर नेईल आणि त्यांची खरी परीक्षा होईल. या ओळीसाठी नेहमी निवडला जाणारा वाण पुसा सावनी आहे.